नवा कोच, तीन मॅच आणि ग्रुपवरचा शिमगा

भावा, तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमच्या पेठेच्या फुटबॉल टीमला यंदा बाहेरचा कोच आणलाय, गोव्याकडचा. कोचिंगचं लायसन्स मोठं आहे पण स्वतः कधी मोठ्या लेव्हलला खेळला नाही, कोल्हापुरात तर नाहीच नाही. आल्या आल्या त्यानं तुमच्या लाडक्या स्ट्रायकरला बाकावर बसवलं. लीगच्या तीन मॅच झाल्या, दोन ड्रॉ, एक हार, गोल एकच. ग्रुपवर रोज रात्री त्याच्या नावानं शिमगा चाललाय, आणि तू विचारतोयस की ह्याला किती मॅच द्यायच्या आणि हा कामाचा आहे का नाही हे गॅलरीत बसणाऱ्यानं ओळखायचं कसं.

मी कोण म्हणशील तर बरीच वर्षं एका पेठेकडनं डिफेन्सला खेळलो, गुडघा गेल्यावर कोचिंगकडं वळलो, सी लायसन्स केलं, सीनियर टीमच्या बाकावर बसलो, आणि आता सकाळी पोरं शिकवतो. म्हणजे शिव्या खाल्ल्यात, आणि गॅलरीत बसून दिल्यात पण. तुमचा कोच मी बघितलेला नाही, तो चांगला का वाईट हे मी इथनं सांगणार नाही, कुणी छातीठोक सांगत असला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझ्या मेसेजमध्ये तीन वेगवेगळ्या शंका एकात एक मिसळल्यात. एक, तो बाहेरचा आहे आणि मोठा प्लेयर नव्हता. दोन, रिझल्ट नाहीत. तीन, आपला माणूस बसवला. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत, आणि माझ्या मते ह्या तिन्हीच्या मागं चौथा प्रश्न आहे जो ग्रुपवर कुणीच विचारत नाही, तोच खरा. त्याच्याकडं येतोच.

बाहेरचा आहे हे आधी उरकून टाकू, कारण त्यात काही दम नाही. ज्यानं शाहू स्टेडियमवर घाम गाळला नाही त्यानं आम्हाला काय शिकवायचं, असं तू लिहिलंयस. १९९६ साली आर्सेन वेंगर जपानमधनं आर्सेनलला आला तेव्हा लंडनच्या पेपरनं हेडिंगच दिलेलं, आर्सेन कोण? दुसऱ्याच सीझनला इंग्लंडची लीग आणि एफए कप दोन्ही. आरिगो साकी कधी प्रोफेशनल खेळलेला नाही, बुटांच्या धंद्यातला माणूस, त्यानं इटलीच्या मिलानला १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप दिले. आणि उलटं उदाहरण आपल्या निम्म्या कोल्हापूरला पाठ आहे. मॅराडोनाएवढा मोठा प्लेयर कोण? २०१० च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाचा तोच कोच होता, क्वार्टर फायनलला जर्मनीनं चार शून्यनं धुतलं, पेठेत पोरांनी झेंडे उतरवले होते त्या रात्री.

आणि तोच मॅराडोना पुढं स्कालोनीबद्दल काय म्हणाला, तर ह्याला ट्रॅफिकसुद्धा सांभाळता यायचं नाही. २०१८ ला अर्जेंटिनानं स्कालोनीला नेमला तेव्हा सीनियर टीमचा हेड कोच म्हणून अनुभव शून्य, तात्पुरता म्हणून बसवलेला. २०१९ च्या कोपा अमेरिका स्पर्धेला सेमीफायनलला ब्राझीलकडनं हारला, शिव्याच शिव्या. मग २०२१ ला त्याच ब्राझीलला माराकानात हरवून कोपा, २०२२ ला वर्ल्ड कप. ज्यांनी चौकात मेस्सीचं कटआउट लावून डॉल्बीवर नाच केला त्यांनीच आता बाहेरच्या, नवख्या कोचवर विश्वास कसा ठेवायचा म्हणून विचारावं, हे जरा गमतीचं आहे.

पण थांब, ह्याचा अर्थ लायसन्स आहे म्हणजे कोच चांगला असंही नाही. डी, सी, बी, ए, प्रो अशी ती शिडी आहे आणि तिथं सराव कसा आखायचा, वयाप्रमाणं काय शिकवायचं, मॅच कशी वाचायची हे शिकवतात, ते उपयोगाचंच आहे. पण समोर दमून आलेली बावीस पोरं, त्यातली पाच उशिरा आलेली, दोन एकमेकांशी बोलत नसलेली, ह्यांना घेऊन सव्वा तासात काम कसं काढायचं ते कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत. बाहेरच्या माणसाबद्दल तुझी एकच शंका मला खरी वाटते, त्याला इथली हवा कळायला वेळ लागणार. गोव्यात टीम हारली की लोक निराश होत असतील, इथं पेठेतल्या म्हाताऱ्या आज्जीपण दारात थांबून विचारतात काय रे, काल काय झालं. आणि जुन्या ईर्षेची मॅच असली की पोरं दोन दिवस आधीपासनं जेवत नाहीत नीट. हे त्याला कुणीतरी स्थानिक माणसानं शेजारी बसून सांगायला पायजे. असा लोकल असिस्टंट दिलाय का त्याला? नसेल तर ती चूक टीम चालवणाऱ्या मंडळाची.

आता रिझल्ट. तीन मॅचवरनं कोच ओळखता येत नाही, हे मी त्याला सांभाळून घ्यायचं म्हणून सांगत नाही, खेळच तसा आहे. फुटबॉलात गोल कमी होतात. क्रिकेटमध्ये दिवसभरात शेकडो बॉल पडतात, चांगली टीम कुठं ना कुठं वर येतेच. इथं नव्वद मिनिटांत एक पोस्टला लागलेला बॉल आणि एक फसलेलं क्लिअरन्स, रिझल्ट फिरला. म्हणून तीन मॅचचा स्कोअर म्हणजे निम्मा खेळ, निम्मं नशीब असं धरून चाल.

२०१७ ला इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसनं फ्रँक डी बोअरला आणला, चार लीग मॅच, चारही हारल्या, गोल शून्य, दिला हाकलून. लोक खूश. मग रॉय हॉजसन आला, त्याच्या पण पहिल्या तीन लीग मॅच हारल्या, गोल परत शून्यच. सीझन संपला तेव्हा तीच टीम अकराव्या नंबरावर. म्हणजे त्या पहिल्या चार मॅचमध्ये जे दिसत होतं ते सगळं डी बोअरचं पाप नव्हतं, टीमच तशी अडकलेली होती. डी बोअरला ठेवला असता तरी वर आली असती असं मी म्हणत नाही, ते कुणालाच कळणार नाही, पण नवा माणूस आला की लगेच फरक पडतो ही समजूत तरी त्यानं मोडावी. उलटंही असतंय. टीम अगदी तळाला गेली की कोच बदलतात, आणि तळाला गेलेली टीम बहुतेक वेळा काही न करताही थोडी वर येतेच, मग आपण म्हणतो बघा नव्या कोचची जादू.

आपल्या देशाच्या टीमचंच बघ. खालिद जमीलला २०२५ च्या ऑगस्टमध्ये नेमला. सप्टेंबरला मध्य आशियाच्या काफा कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला, सगळीकडं वाहवा, देशी कोच कसा भारी म्हणून. ऑक्टोबरला गोव्यात सिंगापूरकडनं दोन एक हारलो, आशिया कपची आशा संपली, लगेच हाच का मिळाला म्हणून ओरड. एका महिन्यात माणूस हुशारही झाला आणि बिनकामाचाही. ह्याच माणसानं २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग जिंकून दिली होती, आणि त्याच्या आधी मुंबई एफसीत बरीच वर्षं काढूनही हाताला मोठी ट्रॉफी नव्हती.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं उदाहरण कुणीतरी ग्रुपवर टाकलं असणारच, तीन वर्षं काही जिंकला नाही, १९८९ ला लोकांनी चालता हो म्हणून बॅनर लावला, १९९० ला एफए कप आला आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे. खरंय. पण हे उदाहरण मला स्वतःला पटत नाही, कारण ज्या शंभर कोचना वेळ दिला आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. वेळ दिला की कोच फर्ग्युसन होतोच असं नाही. आणि तिकडं सीझनला अडतीस लीग मॅच, आपल्याकडं लीगमध्ये मॅच मोजक्याच, मग नॉकआउट स्पर्धा, तिथं एक टायब्रेकर हारला की घरी. तीन वर्षं थांबा असं पेठेला सांगणं म्हणजे चेष्टा आहे.

म्हणून आता तो चौथा प्रश्न. मैदानावर जे दिसतंय त्यातलं कोचचं किती?

आपल्याकडं बहुतेक टीम तालमीतनं आल्या. तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा असतो. कुणाला कुणाशी लढवायचं, कुणाला मैदानाला न्यायचं, कुणाला अजून सहा महिने नुसता जोर-बैठकांवर ठेवायचं हे वस्ताद ठरवतो आणि पैलवानाचा बापसुद्धा मधी बोलत नाही. पण त्याच तालमीच्या फुटबॉल टीमला कोच आणला की काय होतं? टीम लावायला दहाजण. एकानं स्पॉन्सर आणलेला असतो, त्याचं एक पोरगं. एक जुना खेळाडू, त्याच्या जमान्यात तो मोठाच होता, त्याचा एक भाचा. परदेशी खेळाडू कोच यायच्या आधीच कुणीतरी व्हिडिओ बघून ठरवलेला, ॲडव्हान्स देऊन झालेला, मग एवढे पैसे दिलेत तर तो खेळणारच. वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांचा राग येऊ नये म्हणून त्यांचंही ऐकायचं. आणि हारलं की सगळे मिळून म्हणणार, कोच बिनकामाचा.

हे मी हवेत बोलत नाही. एका टीमला मी असताना मॅचच्या आदल्या रात्री अकराची यादी मला फोनवर यायची. विनंती म्हणूनच यायची, सर जरा बघा, असं. पण ती बघितली नाही तर काय होईल हे बोलणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणाऱ्यालाही. हाफ टाइमला खोलीत तीन माणसं आत, एक म्हणतोय वर चढा, एक म्हणतोय लांब मारा, तिसरा नुसता आईबहिणीवरनं, आणि त्या दहा मिनिटांत मला बोलायला मिळायची दोन. पोरं कुणाचं ऐकणार? ज्याच्या घराशेजारी राहतात त्याचं. मी तो सीझन संपवून सोडलं. टीमचं नाव सांगणार नाही, आणि खरं सांगायचं तर असं एकाच टीममध्ये होतं अशातला भाग नाही.

त्यामुळं तुझ्या जागी मी असतो तर कोचवर शंका घ्यायच्या आधी मंडळातल्या कुणा जाणत्या माणसाला गाठून चहा पाजून चार गोष्टी विचारल्या असत्या. अकरा कोण ठरवतो? खेळाडूंची नोंदणी झाली तेव्हा हा कोच आलेला होता का, म्हणजे ही टीम त्यानं निवडली का त्याच्या गळ्यात मारली? हाफ टाइमला कोण बोलतो? आणि आठवड्यात किती दिवस सगळी टीम एकत्र सरावाला येते?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण तोच फार मोठा आहे. टीव्हीवर आपण बघतो त्या टीमची पोरं रोज सकाळी ट्रेनिंगला, जेवण तिथं, झोप मोजलेली. आपली पोरं काय करतात? कुणी शिरोलीला एमआयडीसीत शिफ्टला, कुणी गोकुळ शिरगावला, कुणाचं कॉलेज, कुणाची रिक्षा, कुणी दुकानात. नाइट शिफ्ट करून आलेलं पोरगं सकाळी सहाला मैदानावर येतं हेच उपकार. अशात सोमवारी आठजण, मंगळवारी वेगळे दहाजण. आता नवा कोच म्हणतोय की बॉल गेला की सगळ्यांनी मिळून प्रेस करायचं, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून जायचं, किंवा मागनं छोटे पास खेळत यायचं, तर हे अकराच्या अकराजणांना एकत्र घेऊन रोज केल्याशिवाय बसत नाही. एकजण चढला आणि दुसरा थांबला की मधी एवढी मोठी भगदाड पडते की समोरचा त्यातनं टेम्पो घेऊन जाईल. तुझ्या मेसेजमध्ये आहे ना, आमचा मिडफिल्ड गायबच असतो म्हणून? मला वाटतंय ते हेच असणार, निम्म्यांना नवं कळलंय आणि निम्मे जुनंच खेळतायत. बघितल्याशिवाय खात्री देत नाही.

समज चारही उत्तरं चांगली आली. टीम तोच लावतो, मंडळ मधी पडत नाही, पोरं येतात. मग कोचला जाब विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. तेव्हा बघायचं काय?

स्कोअर सोड. पहिली गोष्ट, बॉल गेल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदात जवळचे दोघं-तिघं काय करतात ते बघ. हात वर करून रेफ्रीकडं बघत उभारतात, का लगेच वळतात? पहिल्या मॅचला उभारत होते आणि चौथ्या मॅचला वळायला लागले तर कोच काम करतोय, हारला तरी. दुसरं, कॉर्नर आणि फ्री किक. नव्या कोचला सगळ्यात लवकर बदलता येतं ते हे, कारण त्याला फार फिटनेस लागत नाही, दोन-तीन सराव पुरतात. आपल्या कॉर्नरला कोण कुठं पळतो हे ठरलेलं दिसतंय का, का सगळे गर्दी करून उड्या मारतात? समोरच्याच्या कॉर्नरला नियर पोस्टला माणूस आहे का, बाहेर पडलेल्या बॉलवर कोण आहे? महिनाभर झाला आणि इथंही काहीच दिसत नसलं तर माझी पण भुवई वर जाईल.

तिसरं, सब्स्टिट्यूशन. साठाव्या मिनिटाला बदल केला तेव्हा फक्त माणूस बदलला का खेळ बदलला? एक गोलनं मागं आहोत आणि स्ट्रायकर काढून स्ट्रायकरच घातला, बाकी सगळं तसंच, तर तो बदल गॅलरीला दाखवायला केला असं मी धरतो. पण त्यानं विंगचा माणूस आत घेतला, फुलबॅकला वर सोडला, आणि पुढची दहा मिनिटं बॉल वेगळ्या जागेतनं यायला लागला, तर हा मॅच वाचतोय. ते चाललं का फसलं हा भाग वेगळा.

आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, तीच चूक परत होते का. चुका नव्या व्हायला पायजेत. पहिल्या मॅचला लेफ्टबॅकच्या मागं बॉल टाकून गोल खाल्ला, तिसऱ्या मॅचला परत तिथनंच खाल्ला, तर एक तर कोचला दिसलं नाही, नाही तर दिसून सांगता आलं नाही. दोन्ही वाईट. आजकाल आपल्या बहुतेक मॅच कुणी ना कुणी मोबाईलवर लाइव्ह टाकतोच, रेकॉर्डिंग शोध आणि फक्त खाल्लेले गोल आणि वाचलेले गोल सलग बघ, अर्ध्या तासाचं काम आहे.

शक्य असलं तर एकदा सरावाला जा. लांब उभा राहून बघ, व्हिडिओ काढू नकोस, कोचला सल्ला देऊ नकोस. पोरं रांगेत किती वेळ उभी असतात ते मोज. पंधराजण रांगेत आणि एकजण शूट मारतोय, बाकीचे गप्पा, असं तासभर चाललं असलं तर लायसन्स कुठलंही असो, तो सराव वाया. चांगल्या सरावात प्रत्येकाच्या पायाला सारखा बॉल लागतो, छोट्या जागेत चार विरुद्ध चार, पाच विरुद्ध पाच चाललेलं असतं, कोच मधीच थांबवतो, एखाद्याला विचारतो तू इथं का आलास, पोरगं उत्तर देतं, परत सुरू. सतत ओरडणारा कोच लोकांना भारी वाटतो. मला उलटं वाटतं. मॅचला जो टचलाइनवर कमी ओरडतो त्यानं बऱ्याचदा आठवडाभर काम केलेलं असतं.

आता तुमच्या स्ट्रायकरचं. ह्यावर मी जरा जपून बोलतो कारण त्याला का बसवला हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. गुडघा दुखत असेल, सरावाला येत नसेल, पैशावरनं काही असेल, किंवा कोचला पुढं असा माणूस पायजे असेल जो बॉल गेल्यावर डिफेंडरच्या अंगावर धावून जातो, आणि हा गोलसमोर थांबणारा असेल. मारतो गोल, मान्य. पण दहाजणांनी पळायचं आणि एकानं उभारायचं हे काही कोचना चालतं, काहींना नाही, आणि दोन्ही प्रकारचे कोच जिंकलेत. ह्यात बरोबर-चूक असं काही नाही, त्याची पसंती आहे. मी असतो तर कदाचित शेवटची पंचवीस मिनिटं त्याला दिली असती, समोरचा डिफेन्स दमल्यावर. ते माझं मत.

पण त्याच्या जागी जे एकोणीस वर्षांचं पोरगं खेळतंय त्याचा जरा विचार करा रे. त्याच्या पायाला बॉल आला की गॅलरी दुसऱ्याचं नाव घेऊन ओरडायला लागते हे तूच लिहिलंयस. त्या वयात मी बघितलंय काय होतं. पोरगं पुढं वळायचं सोडून देतं, बॉल आला की लगेच मागं पास, म्हणजे चूक व्हायला नको. मग आपण म्हणतो ह्याच्यात दमच नाही. त्याचा मिस झालेला चान्स कापून, वर गाणं लावून स्टेटसला फिरवायचा, आणि ते त्याच्या बहिणीच्या फोनवर पण जातं. आपल्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला तेव्हा आपण सगळ्यांनी छाती काढून सांगितलं, कोल्हापूरचा पोरगा म्हणून. तसं पुढचं पोरगं कुठनं यायचं असेल तर ते ह्याच वयात, ह्याच मैदानावर चुका करतच येणार.

तुला वाटेल मी सगळं कोचच्या बाजूनं बोलतोय. तर मी कधी तुझ्या बाजूला येईन ते पण सांगतो. तो पेपरवाल्यांसमोर किंवा पेठेत उघड पोरांची नावं घेऊन हारीचं खापर त्यांच्यावर फोडत असला तर. दर मॅचला नवा फॉर्मेशन, नवे अकरा, कुणाला काही कळेना असं असलं तर. समोरच्या टीमची मॅच बघायला तो स्टेडियमवर कधी आलाच नाही असं असलं तर, कारण इथं सगळ्या मॅच एकाच मैदानावर होतात, बघायला जायला पेट्रोलसुद्धा लागत नाही. दुखापत झालेल्या पोराला इंजेक्शन मारून परत उतरवत असला तर एक दिवस पण नको, जिंकत असला तरी. आणि आपला सीझन उन्हाळ्यात पोचला की सत्तर मिनिटांनंतर टीम चालायला लागते का बघ, एकामागनं एक पोरांचे हॅमस्ट्रिंग जात असले तर सरावात काहीतरी गंडलंय.

किती मॅच द्यायच्या म्हणतोस, तर मी मॅचचा आकडा देणार नाही. लीग पूर्ण होऊ द्या आणि त्याच्या पुढची एखादी नॉकआउट स्पर्धा, तोपर्यंत त्याला जे शिकवायचंय त्याचा पोरांच्या खेळात काहीतरी मागमूस दिसायला पायजे, हा माझा हिशोब. टीम खालच्या गटात घसरायला आली असली तर एवढा वेळ नसतो, तेव्हा मंडळाला लवकर ठरवावं लागतं, आणि ते मी समजू शकतो. पण जिथं टीमच तो लावत नाही तिथं तीन मॅच द्या नाही तर तीस द्या, पुढच्या वर्षी नव्या कोचबद्दल तू हाच मेसेज परत लिहिशील.

आणि राग आहे तर तो मांडायची पण पद्धत आहे. मैदानात बाटल्या टाकून, कोचच्या नावानं घोषणा देऊन काही होत नाही, हुल्लडबाजीचा दंड शेवटी टीमलाच बसतो आणि समोरची पेठ हसते ते वेगळंच. तुम्ही वर्गणी देता, तुमचा हक्क आहे. चार-पाच समजूतदार जणांनी मिळून मंडळाकडं बैठक मागा आणि मघाशी सांगितलेले प्रश्न कोचच्या समोरच विचारा. तो काय करायचा प्रयत्न करतोय हे त्यालाच सांगू द्या, हिंदीत सांगू दे नाही तर कोकणीत. ज्याच्या डोक्यात काही आहे तो पाच मिनिटांत सांगतो. जो नुसताच मेहनत, जिद्द, टीमवर्क असलं बोलत राहतो त्याच्याबद्दल मग तुझी शंका माझ्यापर्यंत पण पोचेल.

पुढच्या मॅचला एक कर. नेहमीच्या जागी मधल्या गॅलरीत बसू नकोस, गोलच्या मागच्या बाजूला जा, तिथनं टीमची रुंदी आणि मधल्या गॅप सरळ दिसतात. पहिला हाफ फक्त आपली टीम बॉल नसताना कशी उभारते एवढंच बघ, बॉलकडं बघायचं नाही, अवघड जातंय पण जमतं. मग काय दिसलं ते इथं लिही, आणि मंडळाकडनं अकरा कोण ठरवतो ह्याचं उत्तर मिळालं असलं तर ते पण, नावं न घेता. त्यावर पुढं बोलू.